पूर्वेकडली गुंडाळी

माझ्या मामेसासऱ्यांनी इराणचं प्राचीन साम्राज्य जितक्या काळजीनं सांभाळलं, तितकं ते खुद्द तिथल्या बादशहांनीही सांभाळलं नसेल. बादशहांजवळ मोठाल्या फौजा होत्या, प्रांतोप्रांती सुभेदार होते, घोड्यावरचे जासूद होते. मामांजवळ बारीक निबाचा एक टाक, लाल आणि काळ्या शाईच्या दोन बाटल्या आणि नागपुरात महाल भागातल्या बिऱ्हाडाची माडीवरची खोली, एवढंच होतं. तेवढ्या भांडवलावर त्यांनी सिंधू नदीपासून ग्रीसच्या किनाऱ्यापर्यंतचा मुलूख नऊ वर्षं राखला. तो पुढं बुडाला, आणि बुडवणारा मी. इतिहासाच्या पुस्तकात याची नोंद कोणी घेतलेली नाही, म्हणून ती मलाच करणं भाग आहे.

मामेसासरे म्हणजे माझ्या बायकोचे मामा. तिचे आईवडील ती लहान असतानाच गेले आणि मामा-मामींनी तिला पोटच्या पोरीसारखं वाढवलं. त्यांना स्वतःचं मूलबाळ नव्हतं, त्यामुळं लग्न झाल्या दिवसापासून त्या घरात मी एकुलता एक जावई होऊन बसलो. मामा सरकारी नकाशे कचेरीत ट्रेसर होते. मूळ नकाशावर ट्रेसिंगचं कापड पसरायचं आणि खालच्या रेघा जशाच्या तशा वर उतरवून घ्यायच्या, हे त्यांचं काम. गावांच्या शिवा, नाले, पांदणी, गायरानं असा सगळा मध्यप्रांत त्यांच्या टाकाखालून गेला होता. नकाशाच्या कोपऱ्यात एक चौकट असते. मोजणी कोणी केली, तपासणी कोणी केली, मंजुरी कोणी दिली, अशी सगळ्यांची नावं त्या चौकटीत येतात. ट्रेसरचं येत नाही. मी एकदा याबद्दल हळहळलो तर मामा हसून म्हणाले, "आपलं काम आरशासारखं आहे, जावईबापू. आरशाचं नाव कोणी विचारते काय?" ते हसले खरे, पण चौकटीचा विषय निघाला की चष्मा काढून पुसायची त्यांना सवय होती, आणि त्या दिवशीही त्यांनी तो बराच वेळ पुसला.

इराणचं वेड त्यांना पहिल्या महायुद्धात लागलं. फौजेबरोबर नकाशे काढायला इथून काही मंडळी बसऱ्याला आणि पुढं इराणात नेली, त्यांत मामा होते. तिथून त्यांनी तीन गोष्टी आणल्या: हिवताप, खजुराची आवड आणि दरायस बादशहा. इराणात एका उंच कड्यावर या दरायसनं आपल्या विजयांची हकीकत कोरून ठेवली आहे. मामांनी तो कडा पाहिला होता. पाहिला म्हणजे चालत्या मालमोटारीतून, धुळीच्या लोटातून, पाव मिनिट. पण त्या पाव मिनिटावर त्यांनी पुढची पंचवीस वर्षं काढली. "इतक्या उंचावर नाव कोरलं त्यानं," ते हात वर करून सांगायचे, "का कोणाच्या बापाच्यानं पुसणं होऊ नये!"

मामांच्या सगळ्या सवयी नकाशातून निघाल्या होत्या. डावं-उजवं हे शब्द त्यांना मान्य नव्हते. डावं-उजवं माणसागणिक बदलतं, दिशा कोणाच्या बापाची नोकर नाही, असं ते म्हणत. त्यामुळं जेवायला बसलं की मीठ भाताच्या ईशान्येला हवं आणि चटणी वायव्येला. त्यांच्या पोटात दुखलं तर ते दक्षिणेला दुखे, आणि कूस बदलून निजले की उत्तरेला. वैद्यबुवा बिचारे नाडी सोडून उशी कुठं आहे ते बघत. एकदा त्यांनी न्हाव्याला पश्चिमेकडचे केस बारीक करायला सांगितले. न्हावी हुशार, त्यानं पश्चिम कुठली ते नीट विचारून घेतलं. मात्र अर्ध्या कामात उजेड कमी पडला म्हणून मामांना पाटासकट फिरवलं आणि नव्या पश्चिमेचेही केस उडवले. मामा पंधरा दिवस टोपी घालून कचेरीत गेले. "त्याची गलती नाही," ते म्हणाले, "त्याले पाट फिरला हेच समजलं नाही." हे वाक्य मी तेव्हा हसून सोडून दिलं. ध्यानात ठेवायला हवं होतं.

घराबाहेर पडणं ही त्यांच्या लेखी मोहीम असे. गावातल्याच सीताबर्डीला जायचं म्हटलं तरी पाणी कुठं मिळेल, सावली कुठवर आहे आणि माघार घ्यावी लागली तर कोणत्या गल्लीनं, हे आधी ठरे. आमच्या लग्नात तर त्यांनी कमालच केली. आमचं वऱ्हाड उमरेडहून बैलगाड्यांनी निघालं. वैशाखात अवकाळी पाऊस कोसळला आणि वाटेतल्या नाल्याला कमरेएवढं पाणी आलं. मुहूर्त टळायची पाळी आली, आमचे वडील डोकं धरून बसले, आणि सामोरे आलेले मामा पलीकडच्या काठावर आनंदानं नाचायला लागले. झर्क्सीस बादशहानं ग्रीसवर चाल करताना समुद्रात नावा एकीला एक बांधून पूल केला होता, त्याची आठवण त्यांना झाली होती. त्यांनी बैल सोडवले, गाड्या चाकाला चाक लावून पाण्यात उभ्या केल्या, वर फळ्या टाकल्या. माझे वडील मधोमध पोचले आणि पूल मोडला. व्याही पाण्यात! दोन्हीकडचे लोक ओरडायला लागले, आणि मामा काठावरून सांगत होते, "घाबरू नका! पहिला पूल मोडतेच! बादशहाचाही मोडला होता!" बादशहानं त्या रागानं समुद्राला चाबकाचे फटके मारवले होते. माझ्या वडिलांना कुणाला मारवायचे होते ते मी सांगायला नको. दुसरा पूल टिकला, मुहूर्तही गाठला, पण वडिलांनी मामांशी पुढं कधी इराणचा विषय काढला नाही.

तर या मामांनी घरी, फावल्या वेळात, पाच फूट लांबीच्या ट्रेसिंगच्या कापडावर तो मोठा नकाशा काढायला घेतला होता. मुलूख काळ्या शाईत आणि फौजांचे रस्ते लाल शाईत. सायरस कुठून सार्डिसवर आला, कंबायसिस मिसरात कसा उतरला, दरायस डॅन्यूब ओलांडून कुठवर गेला, झर्क्सीसची पायदळं कुठून आणि गलबतं कुठून, सगळं त्यात होतं. समुद्रकिनारा काढताना मामा श्वास रोखून धरत आणि मग सगळ्या घरानं तो रोखून धरायचा असे. मामींना फोडणी द्यायची तर आधी खालून विचारावं लागे. "आता नको वं, सायप्रस चालू आहे," असं वरून उत्तर आलं की त्या दिवशी वरण बिनफोडणीचं. एकदा मामींनी न विचारता मिरच्यांची फोडणी दिली, मामांना शिंक आली आणि काळ्या समुद्रात एक नवंच बेट उगवलं. पात्याच्या टोकानं ते खरवडून काढायला तीन दिवस लागले. ते तीन दिवस मामींनी, कोणी न सांगता, चूल परसात नेली होती. त्या नकाशासाठी मामींनी नऊ वर्षांत किती वेळा श्वास रोखला असेल ते त्यांनाच ठाऊक. काही का असेना, नकाशा पुरा झाला. राहिली होती फक्त कोपऱ्यातली लाल रेघांची रिकामी चौकट. तिथं मामा स्वतःचं नाव लिहिणार होते, आयुष्यात पहिल्यांदा. पण आधी कुणा जाणत्या माणसानं पाहावा, बरोबर म्हणावा, मग नाव घालायचं, असा त्यांचा हट्ट होता.

तो जाणता माणूस अखेर सापडला. एका कॉलेजातल्या इतिहासाच्या प्राध्यापकांच्या कानावर नकाशाची गोष्ट गेली. वर्गाच्या दालनात त्यांना भिंतीवर लावायला असाच नकाशा हवा होता. शनिवारी पाच वाजता येतो, पसंत पडला तर लगेच घेऊन जातो आणि काचेत घालून लावतो, असा त्यांचा निरोप आला. काचेत, मामांच्या नावासकट!

आणि नेमकी तेव्हाच माझी बायको त्या घरी बाळंतीण होती. मुलगी झाली होती, तिला दहा दिवस झाले होते, आणि मी तिला पाहायला उमरेडहून आलो होतो. इथं ट्रेसिंगच्या कापडाची एक खुबी सांगायला हवी. ते कापड मुळात अतिशय तलम असतं. वर खळ चढवून घोटून ते गुळगुळीत, निळसर करतात आणि शाई त्या खळीवर बसते. गरम पाण्यात घालून साबण लावला की खळ निघते, शाईही निघते, आणि हाती येतं मलमलीसारखं मऊ पांढरं कापड. कचेरीतले चुकलेले, रद्द झालेले नकाशे ट्रेसर मंडळी घरी आणत, आणि त्यांच्या घरची सगळी बाळं अशा नकाशांची झबली घालूनच वाढत. ते दिवस दुसऱ्या लढाईचे होते, कापडावर कंट्रोल, त्यामुळं शेजारणीसुद्धा मामांची रद्दी मागायला येत. मामींनी आमच्या मुलीच्या बारशासाठी दोन झबली आणि टोपडं त्याच कापडाचं शिवायचं ठरवलं होतं.

शनिवारी सकाळी मामा कचेरीला निघाले. अर्धा दिवसच होता, दोनपर्यंत परत येणार होते. दारातून वळून मला म्हणाले, "जावईबापू, माडीवर कपाटावर दोन गुंडाळ्या आहेत. पूर्वेकडली रद्दीची, ते मामीले द्या. पश्चिमेकडलीले हात लावू नका." मी मान डोलावली. मामी आतून म्हणाल्या, "अहो, नीट सांगा नं त्यांले, जिन्याकडली का खिडकीकडली." मामांना ते रुचलं नाही. "भूगोलाचे मास्तर आहेत ते!" ते म्हणाले आणि गेले.

होय, मी उमरेडच्या शाळेत भूगोल शिकवत होतो. पृथ्वी गोल असल्याचे तीन पुरावे मला झोपेत विचारले असते तरी सांगितले असते. त्या घराचा दरवाजा पूर्वेला, हेही मला पाठ होतं. पण माडीचा जिना मागच्या पडवीतून चढे आणि मध्ये दोनदा वळे. एप्रिलचं ऊन म्हणून वर खिडक्यांना वाळ्याचे पडदे सोडलेले, खोलीत नुसता अंधार. मी कपाटासमोर उभा राहिलो आणि मनाशी म्हणालो, घराचा दरवाजा माझ्या उजव्या हाताला, म्हणजे ही पूर्व. दोन्ही गुंडाळ्या जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेल्या होत्या. एक उचलली. पडदा बाजूला करून पाहिलं असतं तर काही बिघडत नव्हतं. खाली जाऊन विचारलं असतं तरी बिघडत नव्हतं. पण भूगोलाच्या मास्तरनं पूर्व कुठं आहे हे बायकांना विचारायचं!

खाली परसात हंडा उकळत होता. मामी बाळाला तेल लावत बसल्या होत्या. त्या संकोचून म्हणाल्या, "जावईबापू, तुम्हाले काम सांगू नये, पण तेवढी गुंडाळी हंड्यात टाकता काय? माह्या हातांले तेल आहे." त्या घरात जावयाला सांगितलेलं ते पहिलं काम. मी मोठ्या उत्साहानं फडकं सोडलं आणि गुंडाळी न उलगडता पाण्यात सोडली. वरून काठीनं दाबलीसुद्धा. पाणी काळं झालं. थोड्या वेळानं मामी आल्या, त्यांनी कापड बाहेर ओढलं, साबण लावला, खंगाळलं. मी शेजारी उभा राहून बाळाचं नाक कोणावर गेलं याची चर्चा करत होतो. मामी त्या दिवशी फार बोलत नव्हत्या, एवढं मला जाणवलं, पण जाग्रणं झाली असतील असं मी धरून चाललो.

नागपूरच्या उन्हात कापड अर्ध्या तासात वाळलं. ते दोरीवरून काढायला मी हात लावला आणि मला त्यावर रेघा दिसल्या. काळी शाई साफ गेली होती, पण लाल शाई मुळातच खोडसाळ. तिचा फिकट गुलाबी डाग राहिला होता. एक लांबच लांब वाट कापडभर गेली होती आणि वाटेत दोनदा समुद्र ओलांडत होती. समुद्र आता नव्हता. कोपऱ्यात एक गुलाबी चौकट होती, रिकामी. मी जिना कसा चढलो ते आठवत नाही. पडदा ओढला, ऊन आत आलं, आणि दुसरी गुंडाळी सोडून पाहिली: कुठल्याशा गावचा नाला, गायरान, त्यावर काट मारलेली. रद्दी.

खाली आलो तेव्हा मामींनी कात्री चालवली होती.

दोन वाजता मामा आले ते गुणगुणतच. त्यांना सांगायचं, लगेच सांगायचं, असं मी ठरवलं होतं. पण ते दाढी करायला बसले, आणि वस्तरा गळ्याशी असलेल्या माणसाला असली बातमी सांगायची नाही एवढं मला कळत होतं. दाढी झाल्यावर सांगतो म्हटलं तर मामींनी पान वाढलं. मामा घास हातात धरून मला विचारत होते, नाव देवनागरीत लिहावं का इंग्रजीत? मराठीतच लिहितो, नाही का? आडनाव आधी का नंतर? मी भात नुसता कालवत राहिलो. "जावईबापू, काहून जेवून नाही राहिले?" असं त्यांनी विचारल्यावर मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. मग त्यांनी पेटीतला काळा कोट काढला, त्याच्या बटनांना रांगोळी घासून चकाकी आणली. अंगणात सतरंजी अंथरली, तिचं टोक उत्तरेला करून. "मामा," मी म्हणालो. "बोला." "मामा, तुम्ही रागावणार नसाल तर..." तेवढ्यात कचेरीतला कोणी अभिनंदन करायला दारात आला. तो गेला तेव्हा साडेचार झाले होते, आणि मामा जिना चढत होते.

मी अंगणात उभा होतो. वर पावलं कपाटाशी गेली. थांबली. पडवीत मामी खाली मान घालून झबलं शिवत होत्या. मला वाटलं वरून हाक येईल, काहीतरी पडेल, फुटेल. नुसता पडदा सरकल्याचा आवाज आला. मामा जिना उतरले तेव्हा त्यांच्या हातात नुसतं धोतराचं फडकं होतं, नीट घडी केलेलं. ते पडवीत येऊन उभे राहिले. मामींच्या मांडीवर अर्धवट शिवलेलं कापड होतं, आणि मामांची नजर त्यावरून पूर्वेकडून पश्चिमेकडं सावकाश सरकत गेली. मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी आजवर पुष्कळ परीक्षकांना, इन्स्पेक्टरांना तोंड दिलं आहे, पण त्या वेळी मान वर करणं मला जमलं नाही.

"कापड मऊ निघालं नं?" मामी वर न पाहता म्हणाल्या.

"हो वं," मामा म्हणाले. "मस्त निघालं."

पाचाला टांगा थांबला. प्राध्यापक घाईचे पण भले गृहस्थ होते. सरबत झाल्यावर म्हणाले, "हं, दाखवा तुमचा नकाशा." मी तोंड उघडलं, तोच मामांचा हात माझ्या गुडघ्यावर आला आणि त्यानं तो घट्ट दाबून धरला.

"नकाशा पुरा नाही झाला, साहेब," मामा म्हणाले.

"नऊ वर्षं काढताय म्हणे! काय राहिलं आहे?"

"समुद्र राहिला."

प्राध्यापकांनी त्यांच्याकडं, मग माझ्याकडं पाहिलं. नकाशा नुसता हवेतलाच आहे, असा संशय त्यांना आला असावा. "मग किती दिवस थांबू?" त्यांनी विचारलं. "मी भिंत मोकळी ठेवली आहे."

"नका थांबू, साहेब. छापील मागवा. भिंत कायले खाली ठेवता?"

प्राध्यापक उठले, कपाळाला आठ्या घालून नमस्कार केला, आणि टांगा गेला. मामा त्यांच्याबरोबर फाटकापर्यंत गेले होते. परत येऊन त्यांनी कोट काढला आणि ओट्यावर बसले. मी त्यांच्या पायाशीच बसलो आणि सगळं सांगून टाकलं. सांगताना रडलो, हेही लिहितो, कारण न लिहिणं खोटं होईल.

"मले समजलं होतं," मामा म्हणाले. "जिन्यातच समजलं. दोन वळणं आहेत त्यात. तुम्ही फिरले आणि पूर्व तुमच्यासंगं फिरली." मग म्हणाले, "मीच नीट सांगाले पाहिजे होतं. मामी म्हणत होती."

"मामा, आपण पुन्हा काढू. मी कापड मिळवतो, कुठूनही मिळवतो."

त्यांनी चष्मा काढला. तो पुसला नाही, नुसता हातात धरला. "आता डोळे नाही राहिले, जावईबापू. सायप्रसच्या वेळेसच दोन-दोन रेघा दिसत होत्या. तवाच समजलं होतं का हे शेवटचं." मग त्यांनी आवाज बारीक केला. "फक्त एक करा. मामीले सांगू नका. तिनं आपल्या हातानं साबण लावला त्याले. समजलं तं जिवाले लावून घेईल. तिच्या हिशेबानं ते रद्दी होती, रद्दीच राहू द्या."

मी वचन दिलं. बारशापर्यंतचे दोन दिवस मी त्या घरात चोरासारखा वावरलो. मामा मात्र बारशाच्या तयारीला लागले. पाळणा कोणत्या दिशेला तोंड करून टांगायचा यावर त्यांनी शेजारणींशी वादही घातला. नावासाठी त्यांनी 'आटोसा' सुचवून पाहिलं, ती सायरसची लेक, दरायसची राणी. बाळाच्या आत्यानं त्यांच्याकडं असं पाहिलं की त्यांनी ते ताबडतोब मागं घेतलं. नाव कुसुम ठरलं.

बारशाच्या दिवशी बायका जमल्या, मुलगी पाळण्यात घालायची वेळ झाली, तेव्हा मामी आतून ताम्हण घेऊन आल्या. ताम्हणात कुंकू असेल असं मला वाटलं. त्यात नवं झबलं होतं, मामांचा टाक होता आणि काळ्या शाईची बाटली. त्यांनी झबलं पाटावर पसरलं. छातीवर बरोबर मधोमध ती गुलाबी चौकट होती, चारही रेघा शाबूत. सगळीकडं कात्री फिरली होती, तिथं फिरली नव्हती.

"हे मी नाही कापलं," मामी म्हणाल्या. "इथं नाव लिहायचं होतं नं तुम्हाले?"

मामा पाटाशी वाकले. "तुले केव्हा समजलं वं?"

"धुतानाच. पाण्यात लाल रस्ता दिसला." मामींनी डोळ्याला पदर लावला. "मंग काय करता! जावई माणूस समोर उभा होता. त्यांले काय बोलू? आणि तुम्हाले कोणत्या तोंडानं सांगू?"

जमलेल्या बायकांना काय चाललं आहे ते कळत नव्हतं, पण गप्प राहायचं आहे एवढं कळलं होतं. मामी पाटापाशी बसल्या आणि त्यांनी कापड दोन्ही हातांनी ताणून धरलं. मामांनी टाक बुडवला, निथळवला, पुन्हा निथळवला. बिनखळीच्या कापडावर शाई फुटते म्हणून. "कोणी हलू नका," ते म्हणाले. स्वयंपाकघरात फोडणीसाठी तेल तापत होतं, ते कोणीतरी पळत जाऊन उतरवलं. मामांनी श्वास रोखला. मामींनी रोखला, मी रोखला, आणि ज्या चौकटीसाठी त्यांनी नऊ वर्षं काढली तिच्यात त्यांनी आपल्या नकाशातल्या सुबक अक्षरात लिहिलं: कुसुम.

मामी म्हणाल्या, "अहो, तुमचं..." मामा म्हणाले, "आता पाळण्यात घाला वं तिले. मुहूर्त टळून राहिला."

मामा-मामी जाऊन पुष्कळ वर्षं झाली. कुसुमनं ते झबलं घातलं, तिच्या धाकट्या भावानं घातलं, पुढं तिच्या मुलींनी घातलं. ते किती वेळा धुतलं याचा हिशेब नाही. अख्खं साम्राज्य खळीवर काढलेलं होतं म्हणून एका पाण्यात गेलं. ते नाव मात्र बिनखळीच्या कापडावर लिहिल्यामुळं शाई थेट धाग्यात उतरली आणि आजही तशीच काळीभोर आहे. लाल रस्ता आता उन्हात धरल्यावरच दिसतो, पाठीवरून निघून उजव्या बाहीशी संपतो. उजव्या म्हणालो, मामा असते तर चिडले असते.

चौकटीत कुसुमच्या नावाखाली बोटभर जागा उरली आहे. कधीकधी मी ते झबलं पेटीतून काढून पाटावर पसरतो. तिथं मामांचं नाव लिहावं असं फार वाटतं. टाक घेतो, निथळवतो, श्वासही रोखतो. पण माझं अक्षर बरं नाही, आणि कापड तेवढं एकच आहे.